डब्यातून अन्नात काय उतरतं?

टोमॅटोचा रस्सा प्लास्टिकच्या डब्यात रात्रभर राहिला की सकाळी डबा कितीही घासा, आतली तांबूस झाक जात नाही. दोष साबणाचा नसतो आणि घासणाऱ्याचाही नसतो. टोमॅटोचा लाल रंग तेलात विरघळणारा असतो, आणि असे रेणू प्लास्टिकमध्ये सहज मुरतात. तो रंग डब्याच्या भिंतीवर बसलेला नसतो, भिंतीच्या आत शिरलेला असतो. डोळ्यांना घट्ट, गुळगुळीत दिसणारी ती भिंत रेणूंना तेवढी घट्ट वाटत नाही, याचा हा घरातच मिळणारा पुरावा. आणि ज्या वाटेने रंग आत गेला, त्याच वाटेने डब्यातलं काही ना काही बाहेरही येतं.

शास्त्रज्ञ याला स्थलांतर म्हणतात. मला आपला रोजचा शब्द जास्त नेमका वाटतो: उतरणं. चहाच्या पानांचा रंग पाण्यात उतरतो, तसा डब्याचा अंश अन्नात उतरतो. थंड पाण्यात चहा टाकला तर रंग यायला तासन् तास लागतात, उकळत्या पाण्यात तो काही क्षणांत येतो. अर्धा विषय या एका उदाहरणात आला.

उरलेल्या अर्ध्यासाठी थोडं खोलात जावं लागेल, कारण 'प्लास्टिकचा डबा सुरक्षित आहे का?' या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. प्लास्टिक हा काही एकच पदार्थ नव्हे. कोणतं प्लास्टिक, त्यात काय ठेवलंय, ते किती गरम आहे आणि किती वेळ राहणार आहे, हे कळल्याशिवाय दिलेलं उत्तर अंदाजाचंच असतं.

साखळ्या आणि सुटे रेणू

लहान रेणू एकाला एक जोडत जाऊन लांबलचक साखळ्या करायच्या, की झालं प्लास्टिक. या साखळ्या इतक्या मोठ्या असतात की त्या अन्नात विरघळत नाहीत. काळजी आहे ती साखळ्यांच्या मधल्या जागेत सुटे राहिलेल्या लहान रेणूंची. जोडले न गेलेले मूळ रेणू उरतात, जोडणी घडवण्यासाठी वापरलेल्या उत्प्रेरकाचा अंश उरतो. शिवाय मुद्दाम मिसळलेली द्रव्यं असतात: प्लास्टिक साच्यात जळू नये, उन्हाने ठिसूळ होऊ नये, मऊ राहावं, त्याला रंग यावा म्हणून. आणि काही रेणू असेही असतात, जे कुणीच मिसळलेले नसतात. एखादं द्रव्य तापल्यावर तुटून झालेले तुकडे, कच्च्या मालातली अशुद्धी, लेबलाच्या शाईतून किंवा गोंदातून आलेलं काही. यातले अनेक रेणू प्रयोगशाळेच्या यंत्रावर दिसतात, पण ते नेमके कोणते हे अजून ओळखलेलं नसतं. या साऱ्या विषयात मला सर्वांत अस्वस्थ करणारी बाब हीच वाटते. ज्याचं नावच ठाऊक नाही, त्याची सुरक्षित मर्यादा कशी ठरवणार?

मुद्दाम मिसळलेल्या द्रव्यांमध्ये सर्वांत बदनाम आहेत फ्थॅलेट. पीव्हीसी हे मुळात कडक प्लास्टिक, पाण्याचे पाइप होतात इतकं कडक. त्याची लवचिक नळी किंवा भांड्यावर ताणून बसवायची पातळ फिल्म करायची असेल तर त्यात मऊपणा आणणारं द्रव्य घालावं लागतं, कधी कधी एकूण वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं. त्यासाठी वर्षानुवर्षं फ्थॅलेट वापरली गेली. ती साखळ्यांना रासायनिक बंधाने बांधलेली नसतात, नुसती मध्ये वावरत असतात. त्यामुळे तेलकट पदार्थ लागला की ती सहज निघून येतात. डीईएचपी नावाच्या फ्थॅलेटमुळे प्राण्यांच्या नर पिल्लांमध्ये जननेंद्रियांची वाढ बिघडते, हे प्रयोगांनी पक्कं झालं आहे. युरोपीय संघात तेलकट अन्नाला लागणाऱ्या प्लास्टिकमध्ये मऊपणासाठी त्याला परवानगी नाही.

इथे नावामुळे होणारा एक गोंधळ दूर करायला हवा. पाण्याच्या बाटल्या ज्या प्लास्टिकच्या असतात, त्या पेटचं पूर्ण नाव पॉलिइथिलीन टेरेफ्थॅलेट. नावात 'फ्थॅलेट' ऐकून अनेकजण दचकतात. पण हा नुसता नावातला सारखेपणा आहे. पेटमधला टेरेफ्थॅलेट साखळीचाच भाग असतो आणि त्याची रचना त्या मऊ करणाऱ्या फ्थॅलेटपेक्षा वेगळी असते. पेटला मऊ करायला काही घालावं लागत नाही.

उष्णता, तेल आणि वेळ

सुट्या रेणूंना बाहेर काढणारी सर्वांत मोठी ताकद उष्णतेची. तापमान वाढलं की साखळ्या जास्त हलतात, त्यांच्यामधल्या वाटा मोकळ्या होतात आणि लहान रेणू भराभर सरकू लागतात. हा वेग तापमानाच्या प्रमाणात सरळ वाढत नाही, तो झपाट्याने चढत जातो.

याचं एक उत्तम उदाहरण पेटच्या बाटलीतच आहे. पेट तयार करताना उत्प्रेरक म्हणून अँटिमनी या मूलद्रव्याचं संयुग वापरतात आणि त्याचा अंश बाटलीत राहतो. अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली पाहिलं की पाण्यात उतरणारं अँटिमनी अमेरिकेची पिण्याच्या पाण्याची मर्यादा कधी ओलांडतं. ही मर्यादा लिटरला ६ मायक्रोग्रॅम आहे (मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग). बाटली सतत ६० अंश सेल्सिअसला ठेवली तर १७६ दिवस लागतात. ६५ अंशांना ३८ दिवस, ७० ला १२ दिवस, ८० ला २.३ दिवस आणि ८५ ला अवघे १.३ दिवस. तापमान फक्त २५ अंशांनी वाढलं आणि जवळजवळ सहा महिन्यांचा काळ सव्वा दिवसावर आला. खोलीच्या तापमानाला मात्र ३ महिने ठेवूनही अँटिमनी जेमतेम वाढलं आणि मर्यादेच्या खूप खाली राहिलं.

हे आकडे शांतपणे वाचले तर दोन्ही बाजू दिसतात. उन्हात उभ्या गाडीत दुपारभर विसरलेल्या बाटलीतलं पाणी प्यायलं म्हणून घाबरून जायचं कारण नाही. त्या पाण्याला प्लास्टिकची चव लागते ती बहुधा अ‍ॅसिटाल्डिहाइडची, जे अगदी थोड्या प्रमाणातही जिभेला कळतं. पण तीच बाटली धुऊन तिच्यात उकळतं पाणी भरणं हा वेगळा मामला आहे. साधारण ७० ते ७५ अंशांच्या आसपास पेट मऊ पडायला लागतं, बाटली आकसते, वाकडी होते. ती या कामासाठी केलेलीच नाही.

उष्णतेच्या खालोखाल तेल. प्लास्टिकमधले बहुतेक सुटे रेणू पाण्यापेक्षा तेलात जास्त विरघळतात, म्हणून एकाच डब्यातून पाण्यात जेवढं उतरेल त्यापेक्षा तेलकट रस्स्यात कितीतरी जास्त उतरतं. आंबट पदार्थांचाही परिणाम होतो, विशेषतः मेलामाइन या चिनी मातीसारख्या दिसणाऱ्या कडक प्लास्टिकच्या भांड्यांवर. वेळेचं तर उघडच आहे. आणखी एका गोष्टीकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही: भांडं जितकं लहान, तितका त्यातल्या अन्नाच्या प्रत्येक घासाला प्लास्टिकचा स्पर्श जास्त. छोट्या पुडीतल्या चटणी-सॉसचा हिशेब मोठ्या बरणीपेक्षा वेगळा असतो.

कायदेशीर चाचण्याही याच गोष्टींवर बेतलेल्या असतात. प्रयोगशाळेत खरं अन्न वापरत नाहीत, त्याच्या जागी बदली द्रव वापरतात: आंबट पदार्थांसाठी ३ टक्के अ‍ॅसेटिक आम्ल, पाणीदार पदार्थांसाठी पाण्यात मिसळलेलं अल्कोहोल, तेलकट पदार्थांसाठी वनस्पती तेल. दीर्घकाळ साठवणीच्या भांड्यासाठी हा द्रव ४० अंशांना १० दिवस ठेवतात आणि मग एकूण किती उतरलं ते मोजतात. युरोपीय नियमांत ही एकूण मर्यादा किलोभर अन्नात ६० मिलिग्रॅम आहे. शिवाय धोकादायक ठरलेल्या द्रव्यांना प्रत्येकी वेगळ्या, फार कडक मर्यादा असतात.

याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. भांडं ज्या कामासाठी तपासलं, त्याच कामासाठी ते सुरक्षित ठरलेलं असतं. आइस्क्रीमचा डबा थंड पदार्थासाठी तपासलेला असतो, त्यात कढत रस्सा ओतला की ती चाचणी निरुपयोगी ठरते. आणि रंगाच्या किंवा रसायनांच्या रिकाम्या बादल्या-पिंपांत पिण्याचं पाणी साठवणं तर कधीच करू नये. ते प्लास्टिक अन्नासाठी तपासलेलं नसतं, आणि आधी भरलेलं रसायन त्याच्या भिंतीत टोमॅटोच्या रंगासारखंच मुरलेलं असतं. ते धुऊन निघत नाही.

बाटलीखालचा त्रिकोण

बाटली उलटी करून त्रिकोणातला आकडा पाहायचा आणि 'हा चांगला, हा वाईट' ठरवायचं, हा सल्ला सगळीकडे फिरतो. हे आकडे १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने आणले, ते कचरा वेगळा करताना प्लास्टिकचा प्रकार ओळखता यावा म्हणून. सुरक्षिततेशी त्यांचा संबंध नव्हता. १ म्हणजे पेट, २ आणि ४ म्हणजे दोन तऱ्हांचं पॉलिइथिलीन, ३ पीव्हीसी, ५ पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरीन आणि ७ म्हणजे 'इतर सगळं'. या सातव्या खणात बिस्फेनॉल-ए (त्याविषयी पुढे) असलेलं पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक येतं आणि वनस्पतींपासून केलेलं पीएलए हे प्लास्टिकसुद्धा. दोघांवर आकडा एकच.

तरी आकडा अगदीच निरुपयोगी नाही. २, ४ आणि ५ यांना मऊ करणारी द्रव्यं लागत नाहीत, आणि ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन उष्णता चांगली सोसतं, ते साधारण १६० अंशांना वितळतं. ३ आणि ६ गरम, तेलकट अन्नासाठी टाळावेत असं माझं मत आहे. ६ क्रमांकाचा मूळ रेणू स्टायरीन, त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ साली 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. फोमचे पांढरे पेले याच प्लास्टिकचे.

बिस्फेनॉल-ए: वाद कशावर आहे?

बिस्फेनॉल-ए, म्हणजे बीपीए, पहिल्यांदा १८९१ साली रशियन रसायनशास्त्रज्ञ अलेक्सांद्र दियानिन यांनी तयार केलं. १९३६ साली लंडनमध्ये एडवर्ड चार्ल्स डॉड्स कृत्रिम स्त्रीसंप्रेरक शोधत होते. त्यांना दिसलं की बीपीए शरीरात इस्ट्रोजेनसारखं वागतं. ते फारसं जोरकस नसल्याने औषध म्हणून मागे पडलं. पुढे १९५० च्या दशकात त्यापासून पॉलिकार्बोनेट हे काचेसारखं पारदर्शक, न फुटणारं प्लास्टिक निघालं, आणि डबाबंद अन्नाच्या पत्र्याला आतून लावायचा इपॉक्सी लेपही. म्हणजे हा रेणू संप्रेरकाची नक्कल करतो हे जगाला त्याच्या बाटल्या होण्याच्या आधी ठाऊक होतं. हा क्रम वाचला की मला दरवेळी वाईट वाटतं.

धोक्याची घंटा वाजली ती एका चुकीमुळे. १९९८ साली अमेरिकेत पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत निरोगी उंदरांच्या बीजांडांमध्ये गुणसूत्रांचे दोष अचानक वाढले. शोध घेतल्यावर कळलं की पॉलिकार्बोनेटचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या चुकून तीव्र क्षाराच्या साबणाने धुतल्या गेल्या होत्या, प्लास्टिक झिजलं होतं आणि त्यातून बीपीए पाझरत होतं. हे संशोधन २००३ साली प्रसिद्ध झालं. त्याच सुमारास, २००३-०४ मध्ये, अमेरिकेत ६ वर्षं आणि त्यावरच्या अडीच हजारांहून अधिक लोकांची लघवी तपासली, तर ९३ टक्के नमुन्यांत बीपीए सापडलं. कॅनडाने २००८ साली बाळाच्या बाटल्यांतून ते हटवण्याची घोषणा केली, युरोपीय संघाने २०११ साली आणि अमेरिकेने २०१२ साली तेच केलं.

मग मोठ्यांचं काय? इथे खरा वाद आहे, आणि तो मात्रेचा आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली रोजची चालण्याजोगी मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे ४ मायक्रोग्रॅम ठरवली होती. एप्रिल २०२३ मध्ये त्याच संस्थेने ती ०.२ नॅनोग्रॅमवर (नॅनोग्रॅम हा मायक्रोग्रॅमचा हजारावा भाग) आणली, म्हणजे २०,००० पट खाली. हा फरक डोळ्यांसमोर आणू या. मिठाचा एक बारीक कण साधारण ६० मायक्रोग्रॅमचा असतो. ६० किलोच्या माणसासाठी जुनी मर्यादा रोजचे असे ४ कण होती. नवी मर्यादा आहे एका कणाचा पाच हजारावा भाग.

नवा आकडा आला तो उंदरांच्या प्रतिकारशक्तीतल्या एका प्रकारच्या पेशी वाढल्याच्या निरीक्षणावरून. जर्मनीच्या बीएफआर या जोखीम-मूल्यमापन संस्थेला हे पटलं नाही. पेशींची संख्या बदलणं म्हणजे आजार नव्हे, असं तिचं म्हणणं. तिने मर्यादा २०० नॅनोग्रॅम सुचवली, म्हणजे युरोपीय आकड्याच्या हजार पट. तरीही जुन्या मर्यादेपेक्षा ती २० पट कडकच आहे, हे वाद ऐकताना विसरलं जातं. दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ जुन्या आकड्यावर राहायला तयार नाहीत, आणि माझ्या दृष्टीने सामान्य माणसासाठी तेवढं पुरेसं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघाने अन्नाला लागणाऱ्या वस्तूंमध्ये बीपीएवर बंदी आणली. ती २० जानेवारी २०२५ पासून लागू झाली आणि बहुतेक उत्पादनांना बदलासाठी १८ महिने मिळाले.

'बीपीए-मुक्त' या शिक्क्याबद्दल दोन गोष्टी. पेट, पॉलिइथिलीन, पॉलिप्रॉपिलीन यांना बीपीए लागतच नाही, त्यामुळे अशा डब्यावरचा शिक्का खरा असला तरी त्यातून नवीन काही कळत नाही. आणि जिथे बीपीए खरोखर काढलं, तिथे अनेकदा त्याचीच भावंडं आली: बीपीएस आणि बीपीएफ. त्यांची रचना जवळजवळ तशीच आणि संप्रेरकांवरचा परिणामही बराचसा तसाच दिसतो. एक दार बंद करून शेजारचं उघडणं याला मी सुधारणा मानत नाही. नव्या युरोपीय नियमाने अशा इतर धोकादायक बिस्फेनॉलनाही कक्षेत घेतलं, हे चांगलं झालं.

दिलासा देणारी बाब अशी की बीपीए शरीरात साठून राहत नाही. यकृत त्याला निष्प्रभ करतं आणि बहुतेक भाग दिवसाभरात लघवीवाटे जातो. ९३ टक्के लोकांत ते सापडतं याचा अर्थ ते रोज नव्याने आत येतं, आणि रोज येणारं कमी करता येतं. २०११ साली अमेरिकेत ५ कुटुंबांतल्या २० जणांना ३ दिवस ताजं, प्लास्टिकशी फारसा संबंध न आलेलं अन्न दिलं, तेव्हा त्यांच्या लघवीतलं बीपीए सरासरी ६६ टक्क्यांनी उतरलं. डीईएचपीचे अंशही निम्म्याहून खाली आले. गर्भवती स्त्रिया आणि लहान मुलांसाठी हा प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण अवयव घडत असतानाच संप्रेरकांची ढवळाढवळ सर्वांत महागात पडते.

मायक्रोवेव्ह आणि फ्रीझर

डब्यावर 'मायक्रोवेव्ह-सेफ' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ डबा त्या उष्णतेत वितळणार नाही, तडकणार नाही आणि उतरणारे अंश नेमून दिलेल्या मर्यादेत राहतील. काहीच उतरणार नाही असा त्याचा अर्थ होत नाही. तेलकट पदार्थाचं तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर सहज जातं, आणि तेल जिथे लागतं त्या कडांना डबा खरबरीत होतो, हे तुम्ही पाहिलंच असेल. काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात काढून गरम करायला अर्धा मिनिट जास्त लागतो.

फ्रीझरची भीती मात्र सोडून द्या. प्लास्टिकच्या बाटलीत पाणी गोठवलं की डायॉक्सिन नावाची विषारी रसायनं सुटतात, हा संदेश कित्येक वर्षं फिरतो आहे. डायॉक्सिन क्लोरीन असलेल्या वस्तू जाळताना तयार होतात, आणि थंडीत तर रेणूंचं सरकणं मंदावतं. गोठवणं हा प्लास्टिकचा सर्वांत निर्धोक वापर म्हणावा लागेल.

चिनी मातीसारखी दिसणारी, हलकी, न फुटणारी मेलामाइनची भांडी मायक्रोवेव्हमध्ये कधीच घालू नयेत. बीएफआरच्या मते ७० अंशांच्या वर गरम पदार्थांसाठीही ती योग्य नाहीत. तैवानमध्ये १२ जणांना गरम नूडल्स सूप मेलामाइनच्या वाडग्यात दिलं, तेव्हा पुढच्या ३ दिवसांत त्यांच्या लघवीतून सरासरी ८.३५ मायक्रोग्रॅम मेलामाइन गेलं. चिनी मातीच्या वाडग्यानंतर ते १.३१ होतं. ही मात्रा धोक्याच्या पातळीपेक्षा खूप खाली आहे, तरी उतरतं हे नक्की.

बाळाची बाटली

शेवटची गोष्ट रसायनांची नाही, प्लास्टिकच्या कणांची आहे. २०२० साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी पॉलिप्रॉपिलीनच्या बाळाच्या बाटल्या तपासल्या. पावडरचं दूध तयार करण्याची नेहमीची पद्धत वापरली तर लिटरमागे १ कोटी ६२ लाखांपर्यंत सूक्ष्म कण पाण्यात आले. पाणी २५ अंशांचं असताना लिटरमागे ६ लाख असलेले कण ९५ अंशांना साडेपाच कोटींवर गेले. हे कण शरीरात नेमकं काय करतात यावर संशोधन चालू आहे.

पण दूध निर्जंतुक पाण्यात करणं बाळासाठी अत्यावश्यक आहे, तिथे जराही तडजोड नको. जंतुसंसर्गाचा धोका आजचा आणि खात्रीचा असतो. म्हणून त्या संशोधकांनी सुचवलेली पद्धत मला पटते. बाटली निर्जंतुक करून गार होऊ द्यायची. स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात उकळून गार केलेल्या पाण्याने ती तीनदा विसळायची. दूधही किमान ७० अंशांच्या पाण्यात अशाच भांड्यात कालवायचं, आणि कोमट झाल्यावरच बाटलीत ओतायचं. बाटली जोरजोरात हलवायची नाही, आणि दूध भरलेली बाटली मायक्रोवेव्हमध्ये ठेवायची नाही.